दुसऱ्याच्या तोंडून

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा एक्सरे काढून घेतला — डॉक्टरांच्या तोंडून!

खिडकीजवळच्या आजींचा श्वास सकाळपासून मला आवडत नव्हता. एका अंगावर कलून बसल्या होत्या, बोलताना मध्येच थांबत होत्या. छातीत पाणी झालंय हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. पण आम्ही असं म्हणायचं नसतं. मग फोन.

"सर, त्या खिडकीजवळच्या आजी जरा कलून बसल्यात."

"हूं."

"आडवं झोपवत नाही म्हणतात."

"हूं."

"एक्सरे मागच्या आठवड्यातला आहे वाटतं…"

मी एक्सरेचा कागद पुढ्यात ओढून उभी. आणि मग — "सिस्टर, एक एक्सरे करून घ्या बरं त्यांचा." "हो सर! लगेच सर!"

हे नवे डॉक्टर आल्यापासून सगळ्याजणी त्यांना 'हूं' म्हणतात. माणूस वाईट नाही. सांगितलेलं त्यांनाही आवडत नाही, एवढंच. नव्याने लागलेल्या मुलींना मी हेच शिकवते — डॉक्टरांना सांगायचं नाही, त्यांना सुचायला लावायचं. मुली हसतात. महिनाभरात पटाईत होतात.

पाणी निघालं. आजी आता पाठ टेकून बसल्या आहेत. हूं डॉक्टर खुशीत — "बघा सिस्टर, मला शंका आलीच होती!"

६ मार्च, शुक्रवार

मेट्रनबाईंनी खोलीत बोलावलं. "पुढचं काही शिकणार आहेस, की अशीच सलाइनच्या बाटल्या लावत म्हातारी होणार?"

दोन वाटा त्यांनी पुढे ठेवल्या. एक, नर्सिंग प्रशासनाचा वर्ग. इथेच, संध्याकाळचा. तो झाला की त्यांच्यासारखी खुर्ची, ड्युट्या लावणं, भांडणं सोडवणं. दुसरी वाट नर्स प्रॅक्टिशनरची. मोठ्या शहरात, वसतिगृहात राहून दोन वर्षं. त्यात पेशंट स्वतः तपासायचा. काय झालंय ते स्वतः ठरवायचं. ठरवून दिलेल्या मर्यादेत औषधही स्वतःच लिहायचं.

"पहिली घे," मेट्रनबाई म्हणाल्या. "माझी पाठ या खुर्चीत आता टिकत नाही. आणि या वयात वसतिगृह? पोरींबरोबर आंघोळीची रांग लावशील?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं, मॅडम?"

"अगं, आत्ताच तर सांगितलं!"

खरं म्हणजे मला त्यांच्याकडून दुसरंच ऐकायचं होतं. त्यांनी म्हणावं आणि मी म्हणावं, "आता मॅडमच म्हणतायत तर…" इतकं सोपं हवं होतं मला.

८ मार्च, रविवार

पुढच्या खोलीत यांचं शिवणाचं दुकान. गिऱ्हाईक नव्हतं. मी चहा नेला. काज करत होते.

"आमच्या त्या उंचबाई नाही का, त्या नर्स प्रॅक्टिशनर होऊन आल्या."

"अस्सं?"

"दोन वर्षं बाहेर राहिल्या. नवऱ्याने घर सांभाळलं म्हणे."

"चांगलाय की नवरा." सुईत दोरा ओवला. "चहात साखर विसरलीस का?"

हूं डॉक्टरांना निदान एक्सरे तरी सुचतो!

९ मार्च

जेवताना एकदम म्हणाले, "त्या उंचबाईंचं काल सांगत होतीस… तुला जायचंय का तसं?"

मी म्हटलं, "छे! मी कशाला."

का म्हटलं? तोंडातून निघून गेलं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

१५ मार्च, रविवार

लेकीचा फोन. शिकायला गेल्यापासून फार मोठ्या बाईसारखी बोलायला लागली आहे. मी म्हटलं, "तिकडे गार वारं सुटलं असेल ना?" तर खवळली. "आई, स्वेटर घाल असं सरळ म्हण ना! तू माझ्याशीही वॉर्डातल्यासारखं बोलतेस. मी काय डॉक्टर आहे?"

मग म्हणाली, "बाबा सांगत होते काहीतरी कोर्सचं. खरं बोल. जायचंय तुला?"

मी दार लोटून घेतलं. सासूबाई बाहेर जाग्या होत्या. पदर तोंडाजवळ धरून म्हटलं, "हो."

"काय? ऐकू नाही आलं."

"अगं हो म्हटलं!"

"झालं तर. अर्ज मी भरते. तुझ्यावर सोडलं तर तू कॉलेजवाल्यांनाच विचारशील, तुम्हाला काय वाटतं म्हणून."

२२ मार्च, रविवार

आज घरी कळलं. मी नाही सांगितलं. लेकीनेच फोनवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं. हे नुसते बघत राहिले — "मग त्या दिवशी छे का म्हणालीस?"

सासूबाई पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. साखरेमुळे टाचेची जखम कधीची भरत नाही. रोज धुवायची, बांधायची. माझ्याशिवाय कोणाला हात लावू देत नाहीत.

"दोन वर्षं?" म्हणाल्या. "मी तेवढी टिकणार आहे का ते आधी विचार कोणाला तरी. आणि या पायाचं काय? शिक्षणाच्या आड येत असेल तर कापून टाका म्हणावं. एका पायावर बसून राहीन."

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरीच कसं? तूच तर म्हणतेस, ड्रेसिंग चुकलं तर पाय जाईल."

म्हटलं आहे खरं मी असं. अनेकदा. आता कोणत्या तोंडाने दुसरं सांगू?

मग इतकं हायसं वाटलं! इथे लिहिते म्हणून खरं लिहिते. पाय आहे, सासूबाई आहेत — नाहीच जमणार. माझ्या हातात नाही. आज झोप छान लागेल.

२ एप्रिल, गुरुवार

उंचबाईंना गाठलं. त्या आता खालच्या मजल्यावर असतात. चादरींचा ढीग समोर, फाटक्या वेगळ्या काढत होत्या.

"हे काय?" मी म्हटलं.

"हेच. कोर्स आहे, पण पद नाही. इथे माझ्यासाठी खुर्ची कोणी बनवलेलीच नाही. म्हणून आधीचंच काम, आधीचाच पगार आणि चादरीही आधीच्याच."

"पस्तावलात?"

"रोज सकाळी." एक चादर झटकली. "मग राउंडच्या आधी एकदा सगळ्या पेशंटजवळ जाऊन येते. हात लावते, छाती ऐकते, पोट बघते. डॉक्टर आले की आता विचारतात, तुम्हाला काय वाटतं? आणि मला जे वाटतं ते मी सांगते. बास. एवढंच बदललंय."

"आणि चुकलं तर?"

उंचबाई माझ्याकडे बघून हसल्या. "एकदा चुकलं. आठवडाभर जेवण गेलं नाही. तुम्ही 'सरांनी सांगितलं होतं' म्हणून झोपता ना, ती झोप गेली माझी."

घरी येईपर्यंत तेच वाक्य. ती झोप गेली.

११ एप्रिल, शनिवार

लेकीने फोनवरून फर्मान काढलं — बाबांनी ड्रेसिंग शिकायचं. सासूबाई ओरडल्या. "सुई बोटात गेली तर खुर्ची शोधतो तो! माझा पाय काय सदरा आहे?"

आणि झालंही तसंच. मी जुनी पट्टी सोडली. यांनी एकदा वाकून पाहिलं. म्हणाले, "बरंच खोल आहे की." आणि हळूच भिंतीला टेकत खाली बसले. घामाने डबडबले. मग पाय राहिला बाजूला, मी यांच्याच तोंडावर पाणी मारत बसले. सासूबाई वरून, "आधी त्याला बांध. माझं नंतर बघ."

हसून हसून पोट दुखलं तिघांचं. मला तर जरा जास्तच हसू आलं. म्हणजे नाहीच जमणार!

२१ एप्रिल, मंगळवार

मुलाखत. मोठं शहर, लांब बोळ, भिंतीला लावलेल्या खुर्च्या. माझ्या बाजूच्या मुली लेकीच्या वयाच्या. एकीने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही मुलाखत घेणार का?"

आत तिघं. मधल्या बाई पिकल्या केसांच्या, चष्मा साखळीला. त्यांनीच विचारलं. समजा, एका बाईचं पोटाचं ऑपरेशन होऊन काही तास झालेत. अस्वस्थ आहे, सारखी कूस बदलते. नाडी वाढत चाललीय, लघवी कमी झालीय. रंग पांढुरका. तुम्ही काय कराल?

मी म्हटलं, "डॉक्टरांना कळवीन."

"डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत."

"दुसऱ्या डॉक्टरांना कळवीन."

"ते वाटेत आहेत. आत्ता खोलीत तुम्हीच आहात, सिस्टर."

समोर ती बाई मला स्पष्ट दिसत होती. तिच्या पायाशी उभी होते मी! हातसुद्धा हलत होते, पाय वर घे, सलाइन जोरात सोड, रक्त मागव. तोंड मात्र उघडेना.

बाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला कळलंय. चेहऱ्यावर दिसतंय तुमच्या. नाव घ्या ना त्याचं."

"आतून रक्त जातंय का…"

"मला विचारू नका. मला सांगा."

आणि मी काय म्हणावं? "आतून रक्त जातंय — असं सरांना वाटेल."

दोघं मोठ्याने हसले. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग हळूच, "किती वर्षं झाली नोकरीला?" सांगितलं. काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "या."

२२ एप्रिल

घरी परत. सगळ्यांना सांगितलं — माती खाल्ली.

हे म्हणाले, "असू दे." सासूबाई म्हणाल्या, "बोलायला जीभ उचलत नाही तर जायचं कशाला मग एवढ्या लांब?" पण माझ्यासाठी जेवायच्या थांबल्या होत्या.

लाज वाटते आहे. आणि लाजेखाली कुठेतरी बरं वाटतं आहे. हे मला मुळीच आवडलेलं नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

ड्युटीवरून यायला उशीर झाला. म्हटलं सासूबाईंचा पाय राहिला असेल. येऊन बघते तर बांधलेला! आणि कसा? एक सुरकुती नाही. कडा सरळ, चिकटपट्टी एका मापाची, टाचेला वळण दिलेलं.

"कोणी केलं?"

हे मशीनवरून उठलेसुद्धा नाहीत. "आतलं बघतच नाही मी. नुसत्या कडा बघतो. कड कुठे संपते, कापड कुठे लागतं. बाहीचा गोल बसवतो तसं बसवलं."

"रक्त?"

"रक्त आलं तेव्हा आईने डोळे मिट म्हणून सांगितलं. मिटले. मग उघडले."

सासूबाई पाय पुढे करून मिरवत होत्या. "आणि खरं सांगू का? तुझ्यापेक्षा हळू हात आहे त्याचा. तुला सवय झाली म्हणून तू खस्सकन ओढतेस."

कौतुक करायला हवं होतं. केलं. मग स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली. इतकी वर्षं मी त्या पायापाशी रोज बसले! खस्सकन?

आता पाय आडवा येत नाही.

५ मे, मंगळवार

म्हटलं, मेट्रनबाई रजा देणार नाहीत. दोन वर्षं कोण सोडतं? जागा भरायची नाही म्हणून वरून दट्ट्या असताना? मी आपली गेले, उगाच विचारून ठेवावं म्हणून. मान खाली घालून उभी राहिले. 'नाही' ऐकून घ्यायची पूर्ण तयारी.

"घे," म्हणाल्या.

"मॅडम?"

"घे म्हटलं ना. वर मी बोलते. खुर्ची सांभाळणारी दुसरी मिळेल मला. हूं डॉक्टरांकडून एक्सरे काढून घेणारी बाई खुर्चीत बसवून काय करू?"

त्यांना माहीत आहे! सगळ्यांना माहीत आहे की काय?

धरून चाललेल्या भिंती एकेक करून दारं निघतायत. मला हसू यायला हवं. मी आणखी एखादी भिंत शोधते आहे.

९ मे, शनिवार

दुपारी वॉर्ड भरलेला. दाराजवळच्या ताईंना एकदम घाम फुटला, बोलणं अडखळलं. हूं डॉक्टर वॉर्डातच होते. धावत आले. आणि उभे राहिले. नुसते उभे! चेहरा पांढरा, हातातलं पेन खाली पडलं. मग माझ्याकडे वळून, इतक्या हळू की मलाच ऐकू यावं — "सिस्टर, तुम्हीच सांगा. काय करू?"

इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली तो कोणीतरी मला सरळ विचारला. आणि मी? मी म्हटलं, "सर… साखर तपासून बघू या असं तुम्हाला वाटतंय का?"

"हो, हो! साखर!"

साखर पार खाली गेली होती. ग्लुकोज दिलं. ताई उठून बसल्या, "काय झालं होतं मला?" म्हणाल्या. सगळं छान झालं.

नंतर ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या मुलीला एकेक पेशंट समजावून सोपवताना, मी सांगितलं, "डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली." आणि तिथे उभे असलेले हूं डॉक्टर चटकन म्हणाले, "मी नाही. सिस्टरांनी."

मी त्यांच्यावर रागावले. खरोखर रागावले! माझं नाव कशाला मध्ये आणायचं?

१४ मे

विचार करते आहे. फार दिवस वाटत होतं की मला बोलू देत नाहीत. आणि देत नव्हतेच, ते काही खोटं नाही. पण त्या 'देत नाहीत'च्या आत मी एक छोटीशी खोली करून घेतली होती, उबदार. चुकलं तर सरांचं. गेलं तर नशीब. माझ्या हातात काही नाही म्हणताना हात किती हलके असतात! उंचबाईंची झोप गेली. मला माझी हवी आहे.

आता कुठल्या तोंडाने सांगू हे कोणाला? सगळे माझ्यासाठी खपतायत. लेक रोज विचारते, लागली का यादी. हे पायाचं सामान स्वतः आणतात. सासूबाईंनी शेजारणीला सांगून टाकलं, "आमची सून आता डॉक्टरांच्या जोडीला बसणार." शेजारीण मला जिन्यात थांबवून गुडघा दाखवते.

एकच आशा — मुलाखतीत मी माती खाल्ली आहे.

१८ मे, सोमवार

यादी लागली.

वॉर्डात, औषधांच्या कपाटाआड उभी राहून फोनवर पाहिली. शोधावं लागलं नाही. माझं नाव सगळ्यात वर. त्या चष्म्याच्या बाई! काय दिसलं त्यांना माझ्यात? शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे, येते की नाही.

फोन खिशात टाकला आणि औषधं वाटायला निघाले. दिवसभर कोणाला काही बोलले नाही. रस्त्यात ठरवत होते. घरी गेल्यावर आधी बसेन, पाणी पिईन, मग सांगेन. जिना चढताना वाक्य तयार होतं.

दुकान आज लवकर बंद. हे नवा शर्ट घालून बसलेले, दाढी केलेली. म्हटलं, कुठे जायचंय की काय? "कुठे नाही," म्हणाले. सासूबाईही केस विंचरून. माझ्याकडे बघत होते दोघं.

मी चप्पल काढता काढता म्हटलं, "नाही लागलं माझं."

बोलून गेले. इतकं सरळ, इतकं स्पष्ट वाक्य मी आयुष्यात कधी बोलले नव्हते!

सासूबाई म्हणाल्या, "डोळे फुटले असतील त्यांचे." हे माझ्याकडे बघत राहिले. थोडे जास्तच. मग म्हणाले, "बरं." उठून मशीनचं झाकण काढलं. नव्या शर्टातच बसले शिवायला.

जेवताना सासूबाईंनी मला आग्रह करकरून वाढलं. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाल्या. मी ताटावरून लवकर उठले, तर त्यांना वाटलं दुःखाने.

१९ मे, मंगळवार

लेकीचा फोन. "आई, बाबांनी बजावलं होतं, तू आपणहून सांगेपर्यंत फोन करायचा नाही. पण नाही राहवत! यादी मीच काल सकाळी त्यांना पाठवली. पहिलं नाव, आई! बाबांनी आजीलासुद्धा सांगितलं नाही, नुसतं म्हणाले आज छान कपडे कर. कसं सांगितलंस गं त्यांना?"

मी म्हटलं, नंतर बोलते.

म्हणजे काल ते 'बरं' म्हणाले तेव्हा त्यांना ठाऊक होतं. आणि काल रात्रीपासून एका शब्दाने विचारलेलं नाही, सुचवलेलंही नाही.

दार लोटून बसले आहे. पुढच्या खोलीत मशीन चालू आहे. मी खाटेवरून जरा उठले की ते थांबतं.